त्सुकिजीला जाताय? ट्यूना राहू दे, आधी कोहादा मागा

मागच्या नोव्हेंबरात ऑफिसच्या कामाने परत टोक्योला गेले आणि शनिवार अख्खा मोकळा मिळाला. चुलतभाऊ निशी-कासाईला राहतो (तिथे इतके भारतीय आहेत की वाणसामानाची चिंताच नाही), मुक्काम त्याच्याकडेच. दादा म्हणाला, "सुशी खायचीय ना, मग त्सुकिजीच्या मासळीबाजारात चल, पण घरून खाऊन निघायचं नाही." वहिनीने पोहे भिजवून ठेवलेले, त्यामुळे तिचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण आम्ही साडेसातला बाहेर! तोझाई लाईनने कायाबाचो, तिथे हिबिया लाईन पकडली की दुसरं स्टेशन त्सुकिजी.

वर आलं की समोर होंगानजी देऊळ, आणि ते बघून मी दोन मिनिटं थांबलेच, कारण दर्शनी भाग थेट आपल्या लेण्यांतल्या चैत्यासारखा, कार्ल्याची आठवण यावी असा. इतो चुता नावाच्या आर्किटेक्टने भारतात वगैरे फिरून आल्यावर हे बांधलं, १९३४ साली. टोक्योच्या मधोमध, मासळीबाजाराच्या शेजारी, हे असलं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

आता एक घोळ आधीच सांगते. त्सुकिजीचा तो प्रसिद्ध घाऊक बाजार, ट्यूनाचा लिलाव वगैरे, ऑक्टोबर २०१८ मध्येच तोयोसूला हलला. उरलाय तो बाहेरचा बाजार, जोगाई म्हणतात त्याला, आणि खायला तोच बरा. लिलाव बघायचा तर पहाटे तोयोसू गाठा, मला ती हौस नाही. रविवारी आणि बऱ्याच बुधवारी जोगाईतली दुकानं बंद असतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला आवराआवर सुरू होते, त्यामुळे "लंचला जाऊ निवांत" हा प्लॅन करू नका.

पहिल्या ट्रिपला मी काय केलं होतं तर मुख्य गल्लीतल्या एका स्टॉलवर फोटो बघून भुलले, साडेचार हजार येन मोजून भातावर रंगीबेरंगी मासे रचलेला बाऊल घेतला, आणि भात होता फ्रिजमधून काढल्यासारखा गार! मासा चांगला होता हो, पण सुशीत अर्धी मजा भाताची असते हे तेव्हा कळत नव्हतं. भाताला व्हिनेगर, मीठ, (कुठेकुठे साखर) लावतात आणि तो अंगाइतपत कोमट हवा. एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी निम्मी दुकानं आपोआप गळतात.

या वेळी दादा आतल्या बोळातल्या एका उभ्याउभ्या खायच्या काउंटरवर घेऊन गेला. सात-आठ माणसं मावतील एवढी जागा, तीही खांद्याला खांदा लावून. मी सवयीने ट्यूनाकडे बोट दाखवणार तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब, आधी कोहादा सांग."

कोहादा म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांच्या जातकुळीतला लहान मासा. पाठ चंदेरी, त्यावर काळे ठिपके. फ्रिज नव्हते तेव्हा टोक्योच्या खाडीतला मासा टिकवायला मीठ लावायचे, व्हिनेगरमध्ये मुरवायचे, काही शिजवायचे, आणि एदोमाए सुशी म्हणतात ती त्यातूनच आली. ट्यूना ताजा आणि महागातला आणला की बरंचसं काम झालं, पण कोहादाला मीठ किती वेळ, व्हिनेगर किती वेळ हे सगळं त्या माणसाच्या हातात. म्हणून दुकान जोखायचं तर कोहादावर. आपल्याकडे आई माशाला मीठ आणि आगळ लावून ठेवते ना, जास्त झालं की मासा चामट होतो, अगदी तसंच.

काउंटरमागच्या काकांनी बोटं पाण्यात बुडवली, टाळी वाजवल्यासारखे तळवे आपटले, भाताचा गोळा उचलला, जरासा परत टाकला, माशाला वसाबीचं (झणझणीत हिरव्या पेस्टचं) बोट लावलं आणि दोन-तीन दाबांत निगिरी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा तुकडा, तयार. वरून ब्रशने सोया फिरवला. असा सोया लावून दिला असेल तर परत वाटीत बुडवू नका, आणि हाताने खाल्लं तरी चालतं, उलट बरं पडतं. वसाबी झेपत नसेल तर "साबी-नुकी" म्हणायचं. कोहादा तोंडात टाकला, आधी आंबट, मग खारट, मग माशाची चव, आणि भात आपसूक सुटत गेला. वास? अजिबात नाही!

मग आजी (हॉर्स मॅकरल नावाचा मासा) झाला, आनागो झाला (खाऱ्या पाण्यातली वाम, मऊ शिजवलेली, वर गोडसर सॉस), इका म्हणजे आपलं माकूल, आणि शेवटी हौस म्हणून एक चूतोरो, म्हणजे ट्यूनाचा मध्यम चरबीचा तुकडा. ओतोरो (ट्यूनाचा सगळ्यात चरबीचा भाग) फारच लोण्यासारखा लागतो, मला एकाच्या वर जात नाही. दहा निगिऱ्यांचे माझे अडीच हजार येन झाले, टिपची भानगड नाही, चहा फुकट.

जाताना नामियोके देवळात डोकावलो. तिथे सुशीच्या, कोळंबीच्या, अगदी अंड्याच्याही स्मरणार्थ दगड उभे केलेत. दादाने अंड्याच्या दगडाला मनापासून हात जोडले, कारण तो रोज चार खातो.

आईला व्हिडिओ कॉल केला तर पहिला प्रश्न, "कच्चा? आणि पोटाचं काय?" पोट ठणठणीत होतं. येताना सबा घेतला, बांगड्याचाच जपानी भाऊ, आणि रात्री वहिनीने त्याचं तिखलं केलं, वेंगुर्ल्याहून आणलेली त्रिफळं घालून. सकाळच्या पोह्यांचा विषय तेव्हा कुठे मिटला.