खानापूरच्या मातीतलं हरवलेलं लोखंड
आज दिवसभर कॉलेजच्या लॅबमध्ये एक्स-रे फ्लुरोसन्सच्या (क्ष-किरण मारून नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) फायलींत डोकं घालून बसलो होतो. आमच्या एका विद्यार्थिनीनं खानापूरकडची जांभ्याची माती तपासून आणली होती. पायएमसीए या अशा फायली वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर पोटॅशियम भरपूर आणि लोखंड जवळजवळ नाहीच! पोरगी रडकुंडीला आलेली. "सर, तांबडी माती ही, लोखंड गेलं कुठं हो?"

तिची शंका अगदी रास्त होती. ती माती लाल आहे तीच मुळी लोखंडामुळं.

आलेखातलं सगळ्यात उंच शिखर ३२० व्या चॅनेलवर, म्हणजे ऊर्जेच्या ३२० व्या खान्यात होतं, आणि सॉफ्टवेअर त्याला ३.२ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) म्हणत होतं. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषेची ऊर्जा ठरलेली; पोटॅशियमची रेषा ३.३१ ला, म्हणून फिटिंगनं (शिखराशी मूलद्रव्य जुळवणाऱ्या गणितानं) तिथं पोटॅशियम बसवलं. मग फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आकडे १०२४ चॅनेलचे, पण लोड झालेलं कॅलिब्रेशन (चॅनेलचं ऊर्जेत रूपांतर करणारं प्रमाण) २०४८ चॅनेलच्या जुन्या फायलीचं, चॅनेलमागं १० ईव्ही (हजार ईव्ही म्हणजे एक केईव्ही). इथं हवे होते २०. दुप्पट केल्याबरोबर शिखर ६.४ वर गेलं, लोखंडाच्या हक्काच्या जागी! शेजारचं छोटं शिखरही ७.०६ ला चपखल बसलं. ॲल्युमिनियम म्हणून दाखवलेलं शिखर तर हवेतल्या आरगॉनचं निघालं, २.९६ चं. जांभ्यात ॲल्युमिनियम असतंच, त्यामुळं त्यावर कुणी संशयही घेतला नसता. मला खरी धास्ती अशाच चुकांची वाटते.

पोरीचा चेहरा असा खुलला की बस्स!

बेळगाव-निपाणी भागातून नमुने पाठवणाऱ्यांना कळकळीची विनंती: फायलीसोबत चॅनेलची संख्या आणि कॅलिब्रेशनही पाठवा.