आमची वाटचाल : चव बदलली की नळी मळली?

ड्राफ्ट बिअरच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त नळ. त्याच्या मागची नळी, केगवर (बिअरच्या स्टीलच्या पिंपावर) बसणारा कपलर, गॅसचं सिलिंडर, रेग्युलेटर, चिलर आणि कोल्ड रूम बसवणं, धुणं आणि दुरुस्त करणं हा आमचा धंदा. गाळा रबाळे एमआयडीसीत. कामाचा पट्टा घोडबंदर रोडपासून ठाणे-बेलापूर रोडने वाशी, सीवूड्स, खारघरपर्यंत. सुरुवात बॉटल कूलर आणि डीप फ्रीजरच्या दुरुस्तीने झाली. कॉम्प्रेसर, गॅस चार्जिंग, थर्मोस्टॅट, एवढंच काम होतं आणि चवीचा विषय आमच्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हता. आज प्रत्येक व्हिजिट शीटवर चवीचा एक रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय शीटवर सही होत नाही.

‘पूर्वीसारखी लागत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एकीत बिअर खरोखर बिघडलेली असते. दुसरीत बिअर तीच असते, पिणाऱ्याची जीभ पुढे गेलेली असते. पहिलीवर उपाय नळी धुणं, दुसरीवर उपाय नळावरची बिअर बदलणं. निदान न करता ब्रँड बदलला तर नवी बिअरही त्याच मळलेल्या नळीतून येते आणि महिनाभरात तीही नावडती होते. ही दोन कारणं एकमेकांपासून सोडवत सोडवतच आमचं काम वाढलं.

तापमान हे आमचं मूळ काम. बहुतेक ठिकाणी कूलर जितका खाली जाईल तितका नेऊन ठेवतात, १ किंवा २ अंश सेल्सिअसला. आपल्याकडच्या दमट हवेत पहिला ग्लास तहानेचा असतो, त्यामुळे ते चालूनही जातं. पण एवढ्या थंडीत बिअरचा वास ग्लासातून वर येतच नाही. लागरला, म्हणजे नेहमीच्या फिकट, हलक्या बिअरला, ३ ते ५ अंश पुरे. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरला, म्हणजे हेफेवाइझेनला, ६ ते ७ लागतात. तिच्यातला केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, लवंगेचा वास फोर-व्हिनाइल ग्वायकॉलचा, आणि दोन्ही थंडीत दबतात. आयपीए, म्हणजे हॉप्सच्या फुलांनी कडू आणि सुवासिक केलेली बिअर, ७ ते ९ ला खुलते, भाजलेल्या धान्याची काळी स्टाउट १० च्या आसपास. ‘गव्हाची बिअर पाणचट असते’ असं म्हणणाऱ्या अनेकांनी ती २ अंशालाच प्यायलेली असते. फ्रीजरमधले बर्फाळ मग तर आम्ही बंदच करायला सांगतो. मगावरचं हिम बिअरमध्ये वितळतं, आणि त्याच्या खरखरीत थरावर गॅस सुटून अर्धा मग फेसाने भरतो.

तापमानानंतर दाब. नळातून फेस येऊ लागला की काउंटरवरचा माणूस हमखास रेग्युलेटर कमी करतो, आणि या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक तीच. बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तापमान आणि दाब यांच्या तोलावर टिकतो. साधारण २.५ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट) गॅस असलेल्या लागरला ३ अंशाला जवळपास ११ पीएसआय (दाबाचं एकक) लागतात. दाब ७ वर आणला तर गॅस नळीतच सुटतो. त्या दिवशी फेस वाढतो आणि दोन-चार दिवसांत केगमधली बिअर मरगळते. मग ‘या ब्रँडला दम नाही’ असं बोललं जातं. हेफेवाइझेनमध्ये गॅस ३.३ व्हॉल्यूमच्या आसपास, म्हणजे तिला त्याच तापमानाला २० पीएसआय हवेत. दोन्ही केग एकाच रेग्युलेटरवर लावले तर एक नक्की बिघडणार. म्हणून आम्ही प्रत्येक नळाला वेगळा दुय्यम रेग्युलेटर देतो. खर्च वाढतो, पण यात आम्ही तडजोड करत नाही.

हा दाब नळीच्या लांबीने फेडायचा असतो. ३/१६ इंच आतल्या व्यासाची व्हिनाइल नळी फुटाला साधारण ३ पीएसआय खाते. चढ असेल तर उंचीच्या प्रत्येक फुटाला आणखी अर्धा पीएसआय जातो. ११-१२ पीएसआयला साडेतीन ते चार फूट नळी झाली की बिअर सेकंदाला सुमारे ६० मिलीच्या शांत धारेने येते. केग लांब असेल तर मोठ्या व्यासाची नळी थंड ग्लायकोल (न गोठणारा द्रव) फिरवणाऱ्या जोडनळीबरोबर इन्सुलेशनमध्ये गुंडाळून न्यायची आणि शेवटचे काही फूटच बारीक ठेवायचे. एवढं करूनही फेस येत असेल तर केग गरम आहे. गायमुखच्या घाटात दुपारभर अडकलेल्या टेम्पोतून उतरलेला केग कोल्ड रूममध्ये पूर्ण २४ तास थांबला पाहिजे. बाहेरचं स्टील हाताला गार लागतं, पण आतली बिअर अजून गरम असते.

गरम साठवणुकीचं नुकसान फेसाएवढं लगेच दिसत नाही. ब्रुअरीच्या लोकांत ३-३०-३०० असा एक ढोबळ आडाखा आहे: ३२ अंशाला ३ दिवस, २२ अंशाला ३० दिवस आणि ३ अंशाला ३०० दिवस, तिन्हींत बिअर जवळपास सारखीच म्हातारी होते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात काय होत असेल ते यावरून समजा. अशा बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो ट्रान्स-टू-नोनेनाल या द्रव्याचा. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात राहिली तर वेगळाच उग्र, कुबट वास येतो, कारण प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं तुटतात. त्याला काही मिनिटंही पुरतात. तपकिरी काच बरीच सुरक्षित, कॅन आणि केग पूर्ण सुरक्षित. तुमची आवडती बाटली बिअर शॉपीच्या दारातल्या उघड्या शेल्फवर उभी असेल तर आतल्या फ्रिजमधली मागा, आणि पॅकिंगची तारीख वाचा.

लाइन क्लीनिंगचे करार हा आमच्या वाढीचा खरा टप्पा. पद्धत अशी: दर १४ दिवसांनी २ टक्के कॉस्टिक (दाहक अल्कली) द्रावण, २७ ते ४३ अंशांचं कोमट, पंपाने मिनिटाला साडेसात लिटरपर्यंतच्या वेगाने १५ मिनिटं फिरवायचं. पंप नसेल तर नळीत भरून २० मिनिटं मुरू द्यायचं, पण फिरवण्याची सर त्याला नाही. नळ पूर्ण खोलून ब्रशने घासायचा, कपलरही तसाच. शेवटी साध्या पाण्याने इतकं धुवायचं की बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच मूळ पाण्याइतका दाखवला पाहिजे. दर तीन महिन्यांनी आम्लाची धुलाई, कारण कॅल्शियम ऑक्झलेटचा दगडी थर कॉस्टिकने सुटत नाही आणि त्या थरातच जंतू घर करतात. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा सक्तीचे. बंद कोल्ड रूममध्ये सिलिंडर गळत असेल तर कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साठतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून आधी दार उघडं, मग सांध्यांवर साबणाचं पाणी.

चवीचा रकाना इथेच सुरू झाला. धुण्याआधी एक ग्लास नळातून घ्यायचा आणि दुसरा छोट्या हातनळाने थेट केगमधून. दोन्हींना लोणी किंवा बटर पॉपकॉर्नसारखा वास असेल तर डायॲसिटिल, म्हणजे त्या वासाचं द्रव्य, ब्रुअरीतूनच आलं आहे, केग परत करा. फक्त नळाच्या ग्लासला असेल तर नळीत जंतू आहेत. व्हिनेगरसारखी आंबट झाक बहुधा नळाच्या तोंडाशी असते, कारण ॲसिटिक जंतूंना हवा लागते. उकडलेल्या मक्याचा वास उकळण्यातल्या चुकीचा, त्यात आम्ही काही करू शकत नाही. आमचे टेक्निशियन वास घेतात, घोट घेतला तर थुंकतात, कारण पुढची व्हिजिट बाइकवरून करायची असते. दोघे तर अजिबात पीत नाहीत आणि त्यांचं नाक सगळ्यांत चोख आहे. डायॲसिटिल ओळखण्याची ताकद माणसागणिक फार वेगळी असते, म्हणून शंकेच्या ग्लासवर तिघांचं मत घेतो.

ग्लासबद्दल थोडक्यात: भांड्यांच्या साबणाचा आणि तेलाचा पातळ थर फेस मारतो. धुतलेल्या ग्लासमध्ये पाणी फिरवून ओता. पाण्याचा सलग पडदा राहिला तर ग्लास स्वच्छ, थेंब तुटले तर नाही. फडक्याने पुसू नका, जाळीवर उपडे वाळवा.

इतकं सगळं बरोबर असूनही ‘पूर्वीसारखी लागत नाही’ ऐकू येतं, तेव्हा विषय जिभेचा असतो.

कडू चव माणसाला जन्मतः नकोशी असते. विषारी पाला ओळखायला निसर्गाने कडूसाठी जवळपास २५ प्रकारची ग्राहकं दिली आहेत. बिअरचा कडूपणा आयबीयूत मोजतात, म्हणजे ढोबळमानाने लिटरमध्ये किती मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. हेफेवाइझेन ८ ते १५, पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) २५ ते ४०, आयपीए ४० ते ७०. आपल्याकडची पहिली बिअर बहुतेकांसाठी स्ट्राँग असते, ५ ते ८ टक्के अल्कोहोलची, तांदूळ-साखरेची जोड असलेली, कडूपणा जेमतेम. त्यातलं गोडसर अंग जिभेला सवयीचं असतं. मग पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी) सुरू झाली, हळूहळू मुंबई-ठाण्याकडेही मायक्रोब्रुअरीज आल्या, २०१५ मध्ये बिरा ९१ ने गव्हाची बिअर बाटलीत आणली, आणि आमच्या नळांवरचा क्रम बदलू लागला. गहू हीच सगळ्यात सोपी पायरी: कडूपणा कमी, वास भरपूर. तिच्यानंतर पेल एल (आयपीएहून सौम्य), मग आयपीए. कडू चव धोक्याची नाही हे जिभेला वारंवार कळलं की विरोध सैल पडतो आणि त्याच कडूपणातली संत्र्याची, पाइनची, आंब्याची झाक जाणवू लागते.

तिथून पुढचं वळण आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. वर्षानुवर्षं आयपीए पिणारे पुष्कळ जण परत लागरकडे येतात, पण जिथून निघाले त्या लागरकडे नाही. १८४२ मध्ये योसेफ ग्रोलने बोहेमियातल्या प्लझेनमध्ये जी फिकट सोनेरी बिअर काढली, त्या घराण्यातल्या पिल्सनरकडे येतात. तिच्यात लपायला जागा नसते. गव्हाची केळी-लवंग किंवा आयपीएचे हॉप्स छोटा दोष झाकतात, पिल्सनर झाकत नाही. म्हणून नवं गिऱ्हाईक जोडलं की आम्ही पहिली तपासणी पिल्सनरच्या नळावर करतो.

आपली आवड खरोखर बदलली की नुसतं लेबल पाहून वाटतं, हे घरी तपासता येतं. दोन बिअर घ्या, दोन्ही एकाच तापमानाच्या. तीन सारखे ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी ३० मिली, दुसऱ्याने भरलेले. वेगळा ग्लास ओळखायचा. अशा सहा फेऱ्या दोन संध्याकाळांत विभागून करा. नुसत्या अंदाजाने सहापैकी दोन बरोबर येतात. पाच बरोबर आले तर फरक तुम्हाला खरोखर कळतो. सर्दी असताना करू नका. वयाबरोबर नाकही मंदावतं, तेव्हा पाच वर्षांपूर्वीची नोंद आजचं प्रमाण मानू नका.

चखणा हा चाचणीतला सगळ्यात मोठा घोळ. मीठ कडूपणा दाबतं, म्हणून खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर आयपीए मवाळ वाटते आणि कोरडी प्यायली की अंगावर येते. तिखटाचं उलट आहे. अल्कोहोल आणि मिरची तोंडातल्या उष्णतेच्या त्याच ग्राहकाला चेतवतात, त्यात गॅसची टोचणी. आगरी मसाल्यातल्या कोलंबीबरोबर ८ टक्क्यांची स्ट्राँग किंवा कडक आयपीए घेतली की आग वाढते. तिथे गव्हाची किंवा साधी लागर बरी. तळलेल्या बोंबलाबरोबर पिल्सनर, तिचा कडूपणा तेल कापतो.

हे सगळं आता आमच्या कोटेशनमध्ये असतं. सहा नळांचं काउंटर असेल तर आम्ही दोन लागर, दोन गहू, एक पेल एल किंवा आयपीए आणि एक बदलता नळ सुचवतो. ३० लिटरच्या केगमधून सांडलवंड धरून ३३० मिलीचे साधारण ८५ ग्लास निघतात. दिवसाला सहा ग्लास गेले तर तो दोन आठवड्यांत संपतो. त्याहून हळू जाणारी आयपीए आम्ही २० लिटरच्या केगमध्ये घ्यायला लावतो, कारण हॉप्सचा वास आधी उडतो आणि मागे नुसता कडूपणा उरतो. बदलत्या नळावर काय लावायचं ते चवीच्या रकान्यांवरून ठरतं. सध्या ठाण्याच्या बाजूला गहू अजून पुढे आहे, बेलापूर-खारघरकडे पिल्सनरचे केग लवकर रिकामे होतात, आणि त्या बाजूच्या नळ्या आम्ही १४ ऐवजी १० दिवसांनी धुतो.