लेडीज मँटल: बी रुजण्यापासून ओळख पटेपर्यंत

माझ्याकडे आलेल्या बियांच्या पुडीवर फक्त ‘अल्केमिला’, म्हणजे लेडीज मँटल या बागेतल्या फुलझाडाचं शास्त्रीय नाव, लिहिलं होतं. पुढे जातीचं नाव नव्हतं. बागांमध्ये सर्रास दिसते ती अल्केमिला मोलिस, पण याच प्रजातीत युरोपातल्या कुरणांवर वाढणाऱ्या शेकडो सूक्ष्मजाती (एकमेकींपासून किंचितच वेगळ्या जाती) आहेत आणि वरवर पाहता त्यातल्या बऱ्याचशा सारख्याच दिसतात. त्यामुळे रोपं वाढवायची आणि ती नेमकी कोणती हेही ठरवायचं, अशी दोन कामं बरोबरच सुरू झाली.

बी अगदी बारीक असतं. ओलसर कोकोपीटमध्ये कालवून ते काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं, कारण थंडी मिळाली की ते चांगलं रुजतं. नंतर ट्रेमध्ये वरच्यावर भुरभुरलं. उजेड लागतो म्हणून मातीने झाकलं नाही. सगळं बी एकदम रुजत नाही, मागेपुढे होतं, तेव्हा ट्रे रिकामा करायची घाई करू नये.

पहिली खरी पानं आली तेव्हाच अंदाज बांधायला सुरुवात झाली. कोवळं पान घडीच्या पंख्यासारखं चुण्या पडलेलं असतं आणि हळूहळू उलगडतं. अल्पाइन लेडीज मँटलचं पान देठापर्यंत चिरलेलं असतं आणि खालून रेशमी, चंदेरी दिसतं. माझ्या रोपांची पानं गोलसर, उथळ पाळ्यांची होती, म्हणजे ती जात बाद. मग भिंग घेतलं. पानाच्या दोन्ही बाजूंना आणि देठावरही दाट, मऊ लव होती. झँथोक्लोरा नावाच्या जंगली जातीत पानाची वरची बाजू जवळजवळ गुळगुळीत असते, तेव्हा तीही मागे पडली. ओळख पटवायची तर पानाचा आकार पाहून थांबू नये, लव कुठे आहे ते पाहावं, असं मी आवर्जून सांगेन.

या लवेमुळेच पाण्याचा थेंब पानावर पसरत नाही, केसांच्या टोकांवर गोल तरंगत राहतो. पहाटे पानाच्या कडेला दिसणारे थेंब मात्र सगळे दवाचे नसतात. रात्री जमीन ओली आणि हवा दमट असली की मुळांनी ओढलेलं जादा पाणी पानाच्या दातांच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतं. प्रत्येक दातावर एकेक थेंब, ओळीने! मध्ययुगातल्या किमयागारांना हे पाणी मौल्यवान वाटायचं, आणि ते पाहिल्यावर त्यांचं अजिबात नवल वाटत नाही.

तरी खात्री फुलांनीच दिली, आणि त्यासाठी रोपं चांगली भरेपर्यंत थांबावं लागलं. पिवळसर हिरव्या फुलांचे फेसाळ झुबके येतात. एक फूल जेमतेम काही मिलिमीटरचं, त्याला पाकळ्याच नसतात. चार निदलं (कळीला झाकणारी छोटी पानं) असतात आणि त्यांच्यामधून डोकावणारी बाहेरच्या कड्याची आणखी चार. मोलिसमध्ये ही बाहेरची चार जवळजवळ निदलांएवढीच लांब असतात, त्यामुळे फूल आठ टोकांच्या चांदणीसारखं दिसतं. बऱ्याच जंगली जातींत ती आखूड राहतात. भिंगाखाली आठही टोकं स्पष्ट मोजता आली. मोलिसच!

सगळी रोपं एकमेकांची हुबेहूब नक्कल का, तेही इथेच उलगडलं. या झाडात बी परागीकरणाशिवाय तयार होतं, म्हणून रोपं आईसारखीच निघतात. सूक्ष्मजाती पिढ्यानपिढ्या वेगळ्या टिकून राहतात त्याही याच कारणाने.

निगा फारशी नाही. थंड हवामान, ओलावा धरणारी पण पाणी न साचणारी माती आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा मिळाला की गड्डा दरवर्षी रुंदावतो. दमट उकाडा मात्र याला सोसत नाही. बहर ओसरला की मी फुलांचे दांडे आणि जुनी पानं बुडाशी छाटतो आणि भरपूर पाणी देतो. ताजी पानं फुटतात आणि बी सांडत नाही. सांडलं तर फरशीच्या फटींतूनही रोपं उगवतात. वाढवायचं असेल तर वसंताच्या सुरुवातीला गड्डा उकरून, प्रत्येक तुकड्याला मूळ आणि कोंब राहील असा कापून लावावा. बियांपेक्षा हे लवकर साधतं.