इंटिग्रेशनची वही, आठवडा ११ : सेकंट हाती लागला

या आठवड्यात गणितं नऊच झाली. पण सेक थीटाचं (सेक म्हणजे सेकंट, १/कॉस) इंटिग्रेशन कोऱ्या कागदावर, कुठेही न बघता, पहिल्या ओळीपासून सुटलं, आणि मी भयंकर खूश आहे.

बारावीत उत्तर पाठ होतं : लॉग (सेक + टॅन). सिद्धता विचारली की वर-खाली (सेक + टॅन)ने गुणायचं, अंश हा छेदाचाच डेरिव्हेटिव्ह निघतो, झालं. चूक काहीच नाही त्यात. पण गुणायला नेमकं हेच घ्यायचं, हे सुचणार कुणाला? ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याला. हा काटा तेव्हापासून रुतलेला होता. म्हणून गेल्या आठवड्यात पार्शल फ्रॅक्शन (एका अपूर्णांकाचे सोपे तुकडे पाडणं) उरकल्यावर मुद्दाम तिथेच परत गेलो.

कॉसचा घात विषम असला की एक कॉस बाजूला काढायचा, ही सवय कॉस घनाच्या गणितांनी लावलेली. सेक म्हणजे कॉसचा उणे एक घात, तोही विषमच! वर-खाली कॉसने गुणलं, छेदात कॉस वर्ग आला, म्हणजे १ − साइन वर्ग. साइनला यू म्हटलं की उरतं १/(१ − यू²). त्याचे दोन तुकडे : अर्धा १/(१ − यू), अर्धा १/(१ + यू). उत्तर, अर्धा लॉग (१ + साइन)/(१ − साइन). पाठ केलेल्या उत्तरापेक्षा हे वेगळं दिसतं, पण लॉगच्या आत वर-खाली (१ + साइन)ने गुणून वर्गमूळ काढा, सेक + टॅन समोर उभं राहतं. ३० अंशांना दोन्हीकडून वर्गमूळ ३ चा (नैसर्गिक) लॉग येतो, ०.५४९३.

या एका इंटिग्रलमागे दर्यावर्दी लोकांची गरज होती, हे वाचल्यापासून तर त्याच्यावर जीवच जडलाय. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये नकाशा काढला. ठरलेल्या दिशेने चाललेल्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेत यावा, म्हणून अक्षवृत्तांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढवत न्यावं लागतं, आणि ते वाढतं सेकंटच्या पटीत. ६० अंशांवर थेट दुप्पट. इंग्रज गणिती एडवर्ड राइटने १५९९ मध्ये सेकंटच्या बेरजा करून त्याचे तक्ते छापले. तेव्हा कॅल्क्युलसचा पत्ताही नव्हता. १६४५ च्या सुमारास हेन्री बाँडच्या लक्षात आलं की हे आकडे टॅनच्या लॉगच्या तक्त्याशी जुळतात. सिद्धता मात्र १६६८ मध्ये जेम्स ग्रेगरीने दिली, आणि १६७० मध्ये आयझॅक बॅरोने पार्शल फ्रॅक्शनची, म्हणजे वर मी चाललो तीच वाट.

मग रविवारी राइटची बेरीज घरी केली. ० ते ३० अंशांचे पाच-पाच अंशांचे सहा पट्टे, प्रत्येकाच्या मध्यावरचा सेकंट : २.५ अंशांना १.००१, ७.५ ला १.००९, असं करत २७.५ ला १.१२७. बेरीज ६.२९२. पाच अंश म्हणजे ०.०८७२७ रेडियन, त्याने गुणलं : ०.५४९१. सहाच पट्ट्यांत तीन दशांश स्थळं बरोबर! हे एकदा हाताने करून बघाच.

सेक घन बाय पार्ट्सने (गुणाकाराचे दोन तुकडे करून इंटिग्रेशन) झालं. तिथे आयलेट (पहिला तुकडा कोणता घ्यायचा, याचा पाठ केलेला क्रम) काही सांगत नाही, कारण दोन्ही तुकडे त्रिकोणमितीचेच. मी साधा विचार केला : ज्याचं इंटिग्रेशन येतं तो सेक वर्ग दुसरा घ्यायचा. दोन ओळींनी सेक घनच उणे चिन्हासह परत येतो, त्याला डावीकडे नेऊन निम्मं करायचं. बाकीच्या गणितांत सांगण्यासारखं काही नाही.

त्याच सेक घनावर शेवटचं गणित : वाय बरोबर क्ष वर्गाचा अर्धा, हा पॅराबोला क्ष ० पासून १ पर्यंत किती लांब? क्षला टॅन थीटा मानलं की सेक घनच येतो. उत्तर १.१४८. ग्राफपेपरवर एक एकक म्हणजे १० सेंटिमीटर धरून वक्र काढला, त्यावर शिवणाचा दोरा टाचण्यांनी बसवला, सरळ करून पट्टीवर ठेवला. साडेअकरा सेंटिमीटर. तो दोरा वहीच्या त्याच पानाला चिकटवून ठेवलाय.