'डिस्क' म्हणजे हार्ड डिस्क नव्हे

"ताई, परत उडालं की ओ!"

18 तारखेची संध्याकाळ. 20 ला जीएसटीचं 3बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं, आणि एका हळद अडतदाराची खरेदीची बिलं चढवणाऱ्या आमच्या पोराची स्क्रीन दिवसात चौथ्यांदा गायब. सर म्हणाले, नेट. मी म्हणाले, लाइटचा झटका. पोरगं म्हणालं, हॅक. हार्डवेअरवाल्याला फोन लावला तर तो दोन दिवसांनी येणार होता, म्हणजे बरोबर 20 ला.

आमचं करसल्लागाराचं ऑफिस सांगलीत हरभट रोडला आणि एक लहान खोली मार्केट यार्डात. दोन्हीकडचे मिळून आठ जण एकाच विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपनं काम करतात, म्हणजे समोर फक्त स्क्रीन, काम सगळं सर्व्हरवर. 2019 च्या पुरानंतर सर्व्हर वरच्या मजल्यावर गेला. त्याचा ॲडमिन पासवर्ड माझ्याकडे असतो, का तर मी विसरत नाही. एवढीच माझी पात्रता.

टास्क मॅनेजरमध्ये 'युजर्स' नावाचा टॅब असतो, तिथं कोण किती मेमरी खातंय ते दिसतं. पण मला वेळा हव्या होत्या. काळी कमांडची खिडकी उघडून 'क्वेरी युजर' टाइप केलं. सात ओळी आल्या: नाव, सेशनचा (म्हणजे सर्व्हरवरच्या त्याच्या बैठकीचा) आयडी नंबर, स्थिती, किती वेळ हात लागलेला नाही, आणि लॉगिन कधी झालं. काहींच्या पुढं 'ॲक्टिव्ह', तिघांच्या पुढं 'डिस्क'. मला वाटलं, यांची हार्ड डिस्क बिघडली! ते 'डिस्कनेक्टेड'चं अर्धं रूप आहे हे कळायला चहा संपावा लागला.

त्यातला एक 11 दिवस तसाच पडून होता. शिकाऊ मुलगा, परीक्षेच्या रजेवर गेलेला. कोपऱ्यातली फुली दाबली की फक्त आपली खिडकी बंद होते. सर्व्हरवर त्याचं टॅली, एक्सेल, सगळं उघडंच राहतं. 'साइन आउट' केलं तरच माणूस खरा बाहेर पडतो. बहुतेक जण फुलीच दाबतात, मीही दाबायची.

मला वाटलं, सापडला चोर. तिघांनाही 'लॉगऑफ' आणि सेशनचा नंबर देऊन धडाधड बाहेर काढलं. त्यातल्या एका मॅडम फक्त जेवायला गेल्या होत्या. त्यांची सेव्ह न केलेली एक्सेलची शीट गेली. त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते रास्तच होतं. 'एमएसजी' कमांडनं आधी त्या माणसाच्या स्क्रीनवर निरोप पाठवता येतो, हे मी त्यानंतर शिकले. तसंही जेवायला गेलेल्या माणसाला निरोप कुठला दिसायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पुन्हा, "ताई, उडालं."

या वेळी आधी काही न तोडता नुसतं बघितलं. पोराचा सेशन नंबर तोच. लॉगिनची वेळ सकाळचीच. स्थिती 'ॲक्टिव्ह'! पोरगं माझ्याशेजारी उभं, आणि त्याचं सेशन चालू. अंगावर काटाच आला.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. आत 'टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर' नावाची नोंदवही असते. त्यात प्रत्येक नोंदीला नंबर: 21 म्हणजे लॉगिन, 24 म्हणजे तुटलं, 25 म्हणजे पुन्हा जोडलं, आणि 40 मध्ये तुटण्याचं कारण आकड्यात. पोराच्या सेशन नंबरासाठी 40, कारण 5. पाच म्हणजे त्याच खात्यानं दुसरीकडून कनेक्शन घेतलं. आपण काही बदललं नसेल तर सर्व्हर एका नावाला एकच सेशन देतो. दुसरा आला की पहिल्याला उठवून तीच जागा त्याला देतो. 25 च्या नोंदीत जोडणाऱ्या कॉम्प्युटरचा नेटवर्क पत्ता होता, आणि तो मार्केट यार्डाच्या खोलीतला होता.

फोन लावला. तिथले काका म्हणाले, "होय की, मीच बसतोय त्याच्या नावानं. माझा पासवर्ड चालंना झालाय. आणि बाई, तुमचं नेट काय बरं नाही बघा, सारखं उडतंय."

म्हणजे दोघं दिवसभर एकमेकांना ढकलत होते! काकांच्या पासवर्डची मुदत संपली होती, आणि आमच्या सेटिंगमध्ये मुदत संपलेल्याला रिमोटवरून आत येऊन नवा पासवर्ड ठेवता येत नाही. कुणाला विचारायचं म्हणून त्यांनी पोराचा आयडी मागितला, त्यानं दिला, आणि दोघंही विसरले.

खरी धास्ती पुढंच होती. पोराचं व्हाउचर, म्हणजे टॅलीतली बिलाची नोंद, अर्धवट भरलेलं असताना स्क्रीन काकांकडे जायची. "मग ते अर्धं व्हाउचर दिसलं की काय करायचा?" मी विचारलं. "पुढचं एंटर एंटर करून सेव्ह करायचो. मला वाटायचं, मीच मगाशी भरलेलं."

यापुढचे चार तास बिलं आणि व्हाउचर जुळवण्यात गेले. अर्धवट सेव्ह झालेली दोन सापडली, एकात वजनाच्या जागी दर पडलेला.

काकांचा पासवर्ड नवा करून दिला, पोराचा बदलला. तुटलेलं सेशन दोन तासांनी आपोआप बंद व्हावं अशी मर्यादा विंडोजच्या 'ग्रुप पॉलिसी' नावाच्या सेटिंगमध्ये घातली; मॅडमना विचारून, कारण जेवण दोन तास चालत नाही.

यादी बघून सरांचे डोळे चमकले. "म्हणजे कोण किती वेळ नुसतं बसतंय ते कळतं की!" मी त्यांना हरभट रोडच्या खिडकीतल्या मॅडम दाखवल्या. समोर बिलांचा गठ्ठा, हातात पेन, एकेक आकडा ताळा करत होत्या. यादीत त्यांच्या नावापुढं 37 मिनिटं हात लागलेला नव्हता. सरांनी जरा वेळ बघितलं आणि भडंगाची पुडी पुढं केली.

3बी 20 ला रात्री साडेनऊला गेलं. पावणेदहाला काकांचा फोन, "बाई, तो नवा पासवर्ड काय होता ओ?"