लष्करप्रमुख नव्हे, आर्मी कमांडर

मी फलकांचा मजकूर लिहिते. प्रदर्शनात फोटोखाली शंभर-सव्वाशे शब्द असतात ना, जे कुणीच शेवटपर्यंत वाचत नाही, ते. गड, संग्रहालयं, शाळांचे शताब्दी समारंभ, काहीही. या कामात चुका होतात आणि बहुतेक चुका कुणाला कळतही नाहीत. ही कळली, तीही उद्घाटनाला साडेतीन तास उरलेले असताना.

कोल्हापुरातल्या एका शाळेत जिल्ह्यातल्या सैनिकांवर प्रदर्शन होतं. रात्री उशिरापर्यंत चोवीस सनबोर्ड लावून झाले होते. सकाळी सातला मी शेवटची नजर फिरवायला गेले, तर शाळेचे वॉचमन मामा हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन नवव्या फलकासमोर उभे. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पाठ ताठ.

"ताई, थोरातसाहेब चीफ कधी झाले?"

फलकावर मोठ्या अक्षरात होतं: लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात. खाली लाल पट्टीत: लष्करप्रमुख.

पोटात गोळा आला. लॅपटॉप उघडून मी पाठवलेला मजकूर काढला. त्यात होतं, 'पूर्व विभागाचे लष्करप्रमुख'. पट्टीत ओळ मावेना म्हणून डिझाइनरने 'पूर्व विभागाचे' उडवलं होतं. त्याला दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण मुळात माती मीच खाल्ली होती. मूळ शब्द 'आर्मी कमांडर'. देशाच्या सैन्याचे आज सात मोठे विभाग, म्हणजे कमांड, आणि एकेका कमांडचा प्रमुख तो आर्मी कमांडर. हुद्दा लेफ्टनंट जनरल, तारे तीन. त्या सगळ्यांच्या वर एकच माणूस, चार ताऱ्यांचा, तो लष्करप्रमुख. पण मला इंग्रजी शब्दांची ॲलर्जी. 'आर्मी'चं लष्कर केलं, 'कमांडर'चं प्रमुख केलं आणि स्वतःच्या मराठीवर खूश होऊन झोपले.

चूक इतर कुणाच्या फलकावर झाली असती तर तासाभरात निस्तरली असती. थोरातांच्या फलकावर ती फारच वर्मी बसत होती. ते पदच त्यांना मिळालं नव्हतं.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, जन्म 1906, कोल्हापूरजवळच्या वडगावचे. इंग्लंडमधल्या सॅण्डहर्स्टच्या लष्करी अकादमीतून 1926 साली अधिकारी होऊन बाहेर पडले. 1945 च्या जानेवारीत ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तिथल्या एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते, आणि त्या काळी हे अप्रूप होतं: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. एवढं मी दोन ओळींत उरकलं होतं, कारण मला जागा कोरियासाठी हवी होती.

जुलै 1953 मध्ये कोरियात युद्धबंदी झाली, पण मायदेशी परत जायलाच तयार नसलेले साडेबावीस हजारांच्या आसपास कैदी उरले, बहुतेक चिनी, बाकीचे उत्तर कोरियाचे. त्यांना सांभाळायचं काम भारताकडे आलं. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि राखणदार फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर एवढा राग की आपल्या जमिनीवर भारतीय जवानाचा पाय पडू देणार नाही म्हणाले. मग जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून आपली पोरं थेट निर्लष्करी पट्ट्यात नेली. सप्टेंबरात एका कुंपणाच्या आत चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला धरून ठेवलं. बाहेरून गोळीबार करावा तर आतला मेजर वाचणार नाही आणि सगळ्या छावण्या पेटणार. थोरात मोजक्या सोबत्यांना घेऊन आत गेले. भोवती खवळलेला जमाव. त्या जमावाशी बोलून, त्यांना शांत करून मेजरला सोडवून आणलं. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. त्यालाच पुढे कीर्तिचक्र नाव पडलं.

माझ्या मते थोरात कळायला हा एक प्रसंग पुरेसा आहे. पण संयोजकांना 1962 हवं होतं. "चीनचं भाकीत करणारा मराठा सेनानी," असं त्यांनी फोनवर दोनदा ऐकवलं होतं. मला 'भाकीत' हा शब्द आवडत नाही. तो ज्योतिषाचा शब्द आहे, आणि थोरातांनी हिशोब मांडला होता. 1957 पासून ते ईस्टर्न कमांडचे आर्मी कमांडर होते, मुख्यालय तेव्हा लखनौला. ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. सीमारेषेवर फक्त टेहळणीच्या चौक्या ठेवायच्या आणि खरी लढाई मागे, आपली रसद जिथे पोचते आणि शत्रूची ताणली जाते तिथे द्यायची. मार्च 1960 मध्ये लखनौलाच 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन तेच सगळं पुन्हा मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो बागुलबुवा वाटला. पंतप्रधान नेहरूंनी तो कागद पाहिला तो थेट 1962 मध्ये, चिनी फौज खाली उतरल्यावर, असं थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय.

मामांना हे सांगत होते, तर ते म्हणाले, "तिकडंच अरुणाचलात, बोमडिलाला होतो मी दोन हिवाळे. रस्ता आहे आता, तरी गाडी अडकली की दोन-दोन दिवस रेशन वर जायचं नाही. तेव्हा तर रस्ताच कुठला!" माझ्या सव्वाशे शब्दांत रसद हा शब्द एकदा आला होता. त्याचं वजन मला त्या वाक्याने कळलं.

आठ वाजता संयोजक सर आले. चूक सांगितली. त्यांनी फलकाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"व्हायलाच पाहिजे होते की ओ ते चीफ! थिमय्यांनी त्यांचंच नाव सुचवलं होतं. दिल्लीनं केलं नाही, कोल्हापूरनं केलं म्हणायचं. ऱ्हाऊ दे."

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर पटलं. 1961 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या निवृत्त झाले, पद मिळालं प्राणनाथ थापर यांना, आणि थोरात त्याच वर्षी गणवेश उतरवून घरी आले. थापर सेवेत काही महिन्यांनी ज्येष्ठ होते, हेही खरं, आणि हे आपल्याकडची भाषणं कधी सांगत नाहीत. दीड वर्षात चीनचं युद्ध झालं, थापरांनी राजीनामा दिला. थोरात चीफ असते तर काय झालं असतं यावर आमच्या जिल्ह्यात चहाच्या किटल्याच्या किटल्या रिकाम्या झाल्यात. मला त्यात पडायचं नाही. बूट नाहीत, रस्ते नाहीत, तोफा वर नेता येत नाहीत, हे एका माणसाला खुर्ची देऊन दीड वर्षात बदललं असतं असं मला वाटत नाही.

मामा मागे उभे होते. ते म्हणाले, "सर, चौथा तारा लावायचा आपल्याला अधिकार न्हाई."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिशातून मोबाइल काढून फ्लेक्सवाल्याला उठवलं.

नवा फलक छापायला वेळ नव्हता. लाल विनाइलची एक पट्टी कापून वर चिकटवायची ठरलं. आता प्रश्न मजकुराचा. 'ईस्टर्न कमांडचे सरसेनापती' सरांनी सुचवलं. मी हात जोडले. 'पूर्व विभाग प्रमुख' लिहिलं तर वीज मंडळातले वाटतील. शेवटी मामांना विचारलं, "तुम्ही पलटणीत काय म्हणायचा?"

"आर्मी कमांडर. दुसरं काय म्हणणार?"

तेच छापलं: 'आर्मी कमांडर, ईस्टर्न कमांड, 1957–1961'. वर्षानुवर्षं मी ज्या शब्दांना हाकलत आले, तेच चार पट्टीत जाऊन बसले. आतल्या मजकुरातूनही 'चिनी आक्रमणाचे भाकीत' काढायचं होतं, पण ते पट्टीने झाकण्यासारखं नव्हतं. ते तसंच राहिलं. अजून खुपतं.

साडेदहाला पाहुणे आले, फीत कापली. पोरांचा लोंढा आत शिरला आणि अर्थातच सगळे रणगाड्याच्या मॉडेलकडे पळाले. नवव्या फलकापाशी आठवी-नववीतली एक मुलगी थांबली. पट्टीचा लाल रंग मूळ लालपेक्षा जरा गडद होता, त्यामुळे ती जोड नजरेत भरत होती. तिने बोटाने कडा चाचपली आणि विचारलं, "मॅडम, याच्याखाली काय होतं?"

मी सांगितलं. 'आर्मी कमांडर म्हणजे काय'पासून सुरुवात केली आणि कोरियाच्या कुंपणापर्यंत पोचले, तेवढ्यात तिची मैत्रीण तिला ओढून घेऊन गेली. मामा दारात होते. त्यांनी येऊन सुटलेली कडा अंगठ्याने दाबून बसवली आणि परत गेटवर गेले.