सशाला जोडीदार हवाच का?

"घरी एकच ससा आहे, त्याच्यासाठी दुसरा आणू का?" असं तुम्ही विचारलंत. नागपुरात ससे पाळणारे बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. हो, सशाला सोबत सशाचीच हवी. पण आधी नसबंदी, मग सावकाश ओळख आणि त्यानंतरच एकत्र राहणं. हा क्रम जमणार नसेल तर दुसरा ससा आणू नका.

ससा एकलकोंडा असतो असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण गावाकडच्या शेतात दिसणारा ससा खरंच एकटा असतो. तो उघड्यावर गवतात दबून बसतो, त्याची पिल्लं केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. तो रानससा, आणि कायद्याने तो पाळता येत नाही. दुकानातून आणलेला पांढरा किंवा ठिपक्यांचा ससा मात्र युरोपात बिळं करून राहणाऱ्या सशांचा वंशज. ते गटाने राहतात, एकमेकांची डोकी चाटतात, धोका दिसला की मागचा पाय आपटून इतरांना सावध करतात. तुम्ही कितीही जीव लावा, दुपारी त्याला टेकून झोपणारा सोबती तुम्हाला होता येत नाही.

खरी गडबड दुकानातल्या 'जोडी'पासून सुरू होते. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं कठीण. दोन माद्या म्हणून आणलेल्यांत एक नर निघतो. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते वयात येतात, गर्भ साधारण 31 दिवसांचा, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. दोन्ही नर निघाले तर एकमेकांचे वृषण फाडेपर्यंत भांडतात. म्हणून नराची नसबंदी चार महिन्यांनंतर, मादीची पाच-सहा महिन्यांनंतर करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, तोवर वेगळाच ठेवा. मादी एकटी राहणार असली तरी तिची नसबंदी करावी असं माझं ठाम मत आहे, कारण वय वाढतं तसा तिला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खाजगी डॉक्टरही आहेत. कुठेही गेलात तरी सशांच्या शस्त्रक्रिया केल्या आहेत का, हे आधी विचारा. कुत्र्या-मांजरांचा अनुभव इथे पुरत नाही. आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का, हेही विचारा. उत्तर 'नाही' असायला हवं. सशाला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्यांची हालचाल थांबते.

आता ओळख. दोघांचे जाळीचे कप्पे शेजारी ठेवा, मध्ये चार-पाच इंच जागा सोडा, नाहीतर जाळीतून नाक चावतात. एक-दोन दिवसांनी त्यांचे शौचाचे ट्रे अदलाबदल करा. सांबार (कोथिंबीर) दोघांना जाळीजवळच द्या. दोघं निवांत खायला लागले की दोघांपैकी कोणीच कधी न गेलेल्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं सोडा. फरशीवर सतरंजी हवी, पाय घसरला की ससा घाबरतो. थोडा पाठलाग, पाठीवर चढणं चालतं. डोक्याच्या बाजूने चढला तर लगेच खाली उतरवा, कारण खालचा त्याच्या जननेंद्रियाला चावतो. शेपूट वर, कान मागे आणि दोघं गोल फिरायला लागले की मध्ये जाड टॉवेल टाका, उघडा हात घालू नका. खरी मारामारी झाली तर काही दिवस परत जाळीपासून सुरुवात. कित्येक तास एकत्र खाणं, चाटणं, पहुडणं विनातक्रार चाललं, तरच रात्री एकत्र ठेवा. याला काही दिवसही लागतात, काही महिनेही.

हे सगळं दिवाळी ते होळीच्या दरम्यानच करा. सशाला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांतून सोडतो. तिशीपुढच्या तापमानात त्याला त्रास व्हायला लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अशा उन्हाळ्यात पाठलाग म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. तेव्हा कूलरची खोली आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, तीही प्रत्येकाला वेगळी.

दोघांसाठी दोन फुटांचा पिंजरा चालत नाही. निदान दहा बाय सहा फुटांची मोकळी जागा हवी. ट्रे, पाण्याची भांडी, गवताचे ढीग दोन-दोन. लपायच्या खोक्याला दोन दारं हवीत, एकच असलं तर आत अडकलेला मार खातो.

सोबत म्हणून गिनीपिग आणू नका. सशाची लाथ त्याला भारी पडते, आणि सशाला त्रास न देणारे श्वसनरोगाचे जंतू गिनीपिगला आजारी पाडू शकतात.

दुसरा ससा शक्यच नसेल तर सकाळ-संध्याकाळ, ससे सर्वांत जागे असतात तेव्हा, जमिनीवर बसून त्याच्याबरोबर वेळ घालवा. उचलू नका, त्याला येऊ द्या. गज चावणं, अंगाचे केस उपटणं, कोपऱ्यात बसून राहणं ही एकटेपणाची लक्षणं असतात, पण दुखण्याचीही. म्हणून जोडीदार शोधण्याआधी डॉक्टरांकडून दात आणि पोट तपासून घ्या.

जोडीतला एक गेला तर त्याचं शरीर दुसऱ्याजवळ थोडा वेळ राहू द्या, म्हणजे तो शोधत फिरत नाही. पुढचे काही दिवस त्याचं खाणं आणि लेंड्या बघत राहा. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठा.